हेराल्ड १९६५ : पुरात बुडालेल्या गाडीच्या कामाच्या नोंदी, सांगली

१९ नोव्हेंबर २०२३

गाडी आज शेडमध्ये आली. स्टँडर्ड हेराल्ड, दोन दारांची, १९६५ चं मॉडेल, ९४८ सीसी. गावभागातल्या एका वाड्याच्या पडवीत उभी होती आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा ही पूर्ण पाण्याखाली होती. पाणी उतरल्यावर घरच्यांनी होजपाइपनं धुतली, दारं उघडी टाकून वाळवली, आणि त्यानंतर तिला कुणी हात लावला नाही. कागदपत्रं मात्र वरच्या मजल्यावर होती म्हणून वाचली, जुनं आरसी बुक, टॅक्सच्या पावत्या, सगळं. मी आधी कागद बघितले आणि मग गाडी, कारण कागद नसलेली गाडी कितीही देखणी असली तरी भंगारच.

ही काही स्पोर्ट्स कार नाही असं भाचा म्हणाला. मी म्हणलं खाली वाक आणि चेसिस बघ. हेराल्डला वेगळी चेसिस आहे, मोनोकॉक (बॉडी आणि चेसिस एकच) नाही, आणि हीच चेसिस आखूड करून मूळच्या ब्रिटिश कंपनीनं, ट्रायम्फनं, १९६२ मध्ये स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार काढली, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ९१.५ इंचावरून ८३ इंचावर आणला, पण पुढचं सस्पेन्शन, रॅक स्टिअरिंग, मागचा आडवा पाटा, डिफरन्शियल, इंजिनाचं घराणं सगळं एकच. दोन्हीचं डिझाइन मिकेलॉटी या इटालियन डिझायनरचं. आपल्याकडे मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीनं १९६१ पासून हेराल्ड बनवली, स्पिटफायर काही बनवली नाही. म्हणजे स्पोर्ट्स कारचा अर्धा सांगाडा आपल्या रस्त्यांवर डॉक्टर-वकिलांना दवाखान्यात आणि कोर्टात नेत होता. मला तो अर्धा भाग जागा करायचा आहे.

नियम एकच ठरवलाय आणि भिंतीवर खडूनं लिहून ठेवलाय, जे बदलायचं ते पान्यानं परत मूळ करता आलं पाहिजे. कटर लावायचा तो फक्त गंजाला.

२६ नोव्हेंबर २०२३

बॉनेट उघडलं. हेराल्डचं बॉनेट म्हणजे मडगार्डसकट सगळं नाक पुढे कलतं आणि माणूस पुढच्या टायरवर बसून इंजिनाचं काम करू शकतो, अशी सोय मी दुसऱ्या कुठल्या गाडीत पाहिली नाही. आत कृष्णेचा गाळ. बारीक, करडा, वाळून टणक झालेला, रेडिएटरच्या जाळीत, डायनामोत, डिस्ट्रिब्युटरच्या आत, हेडलाइटच्या वाटीत, सगळीकडे. पुराच्या पाण्यानं जेवढं नुकसान होतं त्याहून जास्त हा मागे राहिलेला गाळ करतो, कारण तो ओल धरून ठेवतो आणि वरून कोरडा दिसतो.

प्लग काढून चारी सिलिंडरमध्ये डिझेल आणि गिअर ऑइल मिसळून ओतलं. इंजिन जाम आहे. जोर लावायचा नाही, मुरू दे.

१७ डिसेंबर २०२३

बॉडी चेसिसवरून उतरवली. यात जरा सविस्तर लिहितो कारण कुणी करणार असेल तर उपयोगी पडेल. हेराल्डची बॉडी तुकड्यांची आहे आणि तुकडे बोल्टनं जोडलेत, बॉनेट वेगळं, काचेच्या चौकटीसकट पुढचा बल्कहेड (इंजिन आणि सीटमधली भिंत) वेगळा, मागचा टब वेगळा, छतसुद्धा बोल्टनं बसवलेलं. गिअरबॉक्स खालून नाही, आतून निघतो, दोन सीटच्या मधलं कव्हर उचललं की समोरच. बोल्ट सगळे इंची, आपल्या नेहमीच्या एमएमच्या गोट्या (सॉकेट) लावल्या तर कोपरे गोल होतात आणि मग तासभर छिन्नी. मिरजेच्या जुन्या बाजारात इंची रिंग पान्यांचा एक सेट मिळाला, आधी तो घेतला आणि मगच कामाला हात घातला. गंजलेल्या बोल्टला गॅसनं लालसर होईपर्यंत तापवायचं, थंड होऊ द्यायचं, तेल सोडायचं, परत तापवायचं. घाई केली तर बोल्ट तुटतो आणि नटप्लेट चेसिसच्या आत फिरत बसते.

टब उचलायला तालमीतली पोरं आली, छत आणि दारं आधी काढली होती त्यामुळे वजन फार नव्हतं, पण सगळीकडून सारखं उचललं गेलं पाहिजे नाहीतर दाराच्या चौकटीत टब वाकतो, म्हणून दाराच्या जागी दोन्ही बाजूला पट्टी वेल्ड करून ठेवली होती. पोरांना भडंग आणि चहा. एक जण म्हणाला, "काका, एवढी हलकी गाडी पळत असंल की हो." पळंल, म्हणलं, थांब.

१४ जानेवारी २०२४

चेसिस. मधले दोन मुख्य रेल चांगले निघाले, जाड आहेत आणि वर्षानुवर्षं इंजिनच्या तेलानं माखलेले असल्यामुळे वाचले. बाजूचे आउटरिगर मात्र गेले. आउटरिगर म्हणजे मुख्य रेलमधून बाहेर आलेले हात, ज्यावर बॉडी टेकते, आणि ते पेटीसारखे पोकळ असल्यामुळे गाळ आत जाऊन बसलेला. हातोडीनं ठोकलं की खळखळ आवाज आणि मातीचा ढीग खाली. पत्र्याला पेचकस सहज आरपार गेला.

कुपवाड एमआयडीसीत सँड ब्लास्टिंग करून आणली. ब्लास्टिंग झाल्यावर चेसिस जशी आहे तशी दिसते, रंगाखाली काही लपत नाही, आणि पूर्वी कुणीतरी मागच्या बाजूला पत्र्याचं ठिगळ लावून वर डांबर फासलं होतं तेही उघडं पडलं.

वेल्डिंगला शंभर फुटी रोडवरचे वस्ताद आले, सीओटू मशीन घेऊन. नवे आउटरिगर पत्र्यातून वाकवून घेतले. वस्तादांचा आग्रह की जाड पत्रा घ्या, तीन एमएम, आयुष्यभर बघायला नको. मला ते पटलं नाही आणि मी तसं बोललो. मूळ पत्रा दीड एमएमच्या आसपासचा आहे आणि चेसिस थोडी लवचिक असणं हा तिच्या रचनेचाच भाग आहे, एकाच जागी जाड केलं तर ताण शेजारच्या जुन्या पत्र्यावर जातो आणि तडा तिथे पडतो. शेवटी दोन एमएमवर जमलं.

वेल्डिंगआधी चेसिसचे कर्ण मोजले, ओळंबा सोडून जमिनीवर खुणा केल्या आणि सुतळी ताणली. एका वेळी एकच आउटरिगर कापायचा, नवा बसवायचा, परत माप, मग पुढचा. सगळे एकदम कापले तर चेसिस आपली राहत नाही. प्रत्येक पेटीला खाली पाणी निघायला भोक ठेवलं आणि आतून गरम मेण मारलं. सांगलीत गाडी ठेवायची म्हणजे पाणी येणार हे धरूनच काम करायचं.

१८ फेब्रुवारी २०२४

ट्रनियन. ही नोंद मोठी होणार आहे आणि हेराल्ड, स्पिटफायर किंवा हेराल्डवरूनच निघालेली गॅझेल ज्याच्याकडे आहे त्यानं बाकी काही वाचलं नाही तरी चालेल पण ही वाचावी.

पुढच्या चाकाला धरणारा जो उभा लोखंडी खांब आहे, व्हर्टिकल लिंक, त्याला वर बॉल जॉइंट आहे पण खाली बॉल जॉइंट नाही. खाली त्या खांबालाच आटे पाडलेत आणि ते पितळी रंगाच्या ब्राँझच्या ट्रनियनमध्ये फिरतात. म्हणजे स्टिअरिंग वळवलं की अक्षरशः बोल्ट नटमध्ये वळतो, आणि गाडीच्या पुढच्या बाजूचं वजन त्याच आट्यांवर. उजव्या बाजूला उजवे आटे, डाव्या बाजूला डावे.

आता यात तेल घालायचं असतं. ग्रीस नाही, तेल, ९० नंबरचं गिअर ऑइल. पण बाहेर दिसतो निपल किंवा प्लग, आणि आपल्याकडे निपल दिसला की हात आपोआप ग्रीसगनकडे जातो. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही, वरच्या वर घट्ट होतं, खाली पाणी शिरतं, लोखंडी आट्यांना गंज चढतो, तो गंज ब्राँझला खातो, जॉइंट जड होतो आणि मग एक दिवस गाडी हळू चालवताना, बहुतेक वेळा पार्किंगमध्ये वळवताना, खांब आट्यांजवळ तुटतो आणि चाक आडवं होतं. हळू तुटला तर नशीब. महामार्गावर तुटला तर काय होईल ते लिहीत नाही.

माझ्या गाडीत दोन्ही बाजूला ग्रीसच निघालं, काळं, दगडासारखं, वर पुराचं पाणी. डाव्या खांबाच्या आट्यांच्या मुळाशी नखाला लागेल असा खड्डा. लेथवाले काका म्हणाले भरून देतो, वेल्ड करून परत आटे पाडतो. काकांचा हात सोन्याचा आहे, मिरजेत त्यांच्यासारखा लेथवाला मला माहीत नाही, पण या ठिकाणी नाही म्हणलं. घडवलेल्या लोखंडावर वेल्ड केलं की बाजूचा भाग कडक आणि ठिसूळ होतो आणि हा पार्ट तर वाकण्याच्या ताणानंच तुटतो. दोन्ही खांब आणि दोन्ही ट्रनियन नवे मागवले, विलायतेहून, स्पिटफायरमुळे तिकडे अजून सगळं मिळतं. कस्टम ड्युटी धरून रक्कम मोठी झाली. हेडलाइटची रिंग जुनी चालेल, सीट फाटकी चालेल, इथे चालणार नाही.

ट्रनियनच्या खालच्या बुशा मात्र काकांकडूनच करून घेतल्या, नायलॉनच्या, आणि इतक्या सफाईनं झाल्यात की हातानं दाबून बसल्या.

१० मार्च २०२४

मागचं सस्पेन्शन. डिफरन्शियल चेसिसला घट्ट, त्यावर आडवा पाटा, आणि दोन्ही बाजूला स्विंग अॅक्सल, म्हणजे प्रत्येक चाक डिफजवळच्या एका जॉइंटभोवती कमानीत वरखाली होतं. सरळ रस्त्यावर मऊ चालते. पण वळणावर जोरात जाताना मधेच अॅक्सिलरेटर सोडला की मागचं उचलतं, बाहेरचं चाक आत मुडपतं, टायरची पकड कमी होते आणि गाडी मागून सुटते. स्पिटफायरवाल्यांनाही हाच त्रास होता, म्हणून मार्क ४ ला, म्हणजे चौथ्या आवृत्तीला, ट्रायम्फनं पाटाच बदलला. आपल्याकडच्या कंपनीनं गॅझेल काढताना स्विंग अॅक्सल काढून सरळ एकसंध अॅक्सल टाकला.

मला तो एकसंध अॅक्सल नको. इंडिपेन्डन्ट रिअर सस्पेन्शनची १९६५ ची भारतीय गाडी, हीच तर तिची मजा. पाटे उकलले, प्रत्येक पात घासून ग्राफाइट लावलं, पातींच्या टोकाशी असलेली रबरी बटणं नवीन टाकली. मग पाटेवाल्याकडे जाऊन कमान किंचित कमी करून घेतली. पाटेवाला ट्रकचं काम करणारा, त्यानं आयुष्यभर कमान वाढवून दिली आहे, कमी करा म्हणणारं गिऱ्हाईक बघून तो परत परत विचारत होता, "साहेब, नक्की ना? भार टाकल्यावर बसंल की ती." बसूच दे. मागची चाकं वरच्या बाजूला थोडी आत कललेली राहिली की वळणावर मुडपायला जागा कमी उरते. डिफ आणि पाटा यांच्यामध्ये ब्लॉक टाकूनही हेच करता येतं. मूळ मापाचा दुसरा पाटा मिळाला तर तो परत चढवता येईल, म्हणून जुनं माप लिहून ठेवलंय.

९ एप्रिल २०२४, पाडवा

इंजिन कोल्हापूरला उद्यमनगरात दिलं. डिझेल मुरल्यावर ते सुटलं होतं, सुटताना तिसऱ्या सिलिंडरमध्ये गंजाची कडी दिसली. बोअर करावाच लागला, वीस थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), तेवढे पिस्टन ओव्हरसाइज. क्रँकला तीनच मेन बेअरिंग, जर्नल ग्राइंड होऊन दहा थाउवर. या इंजिनात क्रँकच्या मागेपुढे खेळावर डोळा ठेवायचा, थ्रस्ट वॉशर झिजून पडले तर ब्लॉकच निकामी होतो. क्लच दाबला की क्रँक पुढे ढकलला जातो, म्हणून सिग्नलला गाडी गिअरमध्ये ठेवून क्लच दाबून उभं राहायची सवय या गाडीला मारक.

हेडला एक्झॉस्टच्या बाजूला कडक व्हॉल्व सीट बसवल्या. ही इंजिनं शिसेवाल्या पेट्रोलवर बनलेली, शिशाचा थर सीटला वाचवायचा, आणि आपल्याकडे २००० पासून शिसेवालं पेट्रोल बंद. हळू चालवली तर चालून जातं, पण मला ही हळू चालवायची नाहीये. हेड मात्र फेसिंगपुरतंच घासलं, कॉम्प्रेशन वाढवण्याचा मोह आवरला, उन्हाळ्यात सांगलीत ४० अंशाला नॉकिंग ऐकत बसायचं नाही.

१९ मे २०२४

पेट्रोल. आता पंपावर वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं असेल, त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण १९६५ च्या रबराला ते सोसत नाही. जुना होज फुगतो, आतून सोलवटतो आणि त्याचे काळे कण जेटमध्ये अडकतात. सगळे होज इथेनॉल चालणाऱ्या प्रतीचे टाकले, पंपाचा डायफ्राम बदलला, कॉर्कचे वॉशर जिथे होते तिथे नवीन मटेरियल. डिकीतली टाकी उघडून आत मूठभर नटबोल्ट टाकून खळखळवली, गाळ आणि गंज मिळून चहाच्या रंगाचं पाणी निघालं, आतून टँक सीलर मारला.

आणि कार्ब्युरेटर! मूळचा एकच सोलेक्स. तो साफ करून, खोक्यात घालून, वर तारीख टाकून माळ्यावर. त्याच्या जागी एसयू कंपनीचे एचएस२ कार्ब्युरेटर, सव्वा इंची, दोन. ट्रायम्फनं स्वतः हेराल्ड कूपेला दोन एसयू दिले होते त्यामुळे मी काही परकं आणतोय असं नाही. मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणारी नळी) घेताना एक गोष्ट बघायची, स्पिटफायरच्या पहिल्या दोन मार्कचाच घ्यायचा, कारण मार्क ३ पासून हेडला आठ पोर्ट (हवा-धूर ये-जा करायची भोकं) आले आणि आपल्या ९४८ ला सहाच आहेत. आठ पोर्टचा मॅनिफोल्ड दिसायला भारी आणि इथे बसतच नाही.

२८ जुलै २०२४

कृष्णा चढतेय. कोयना किती सोडतायत आणि आयर्विनला किती फूट झालं हे घरात प्रत्येक जण मोबाईलवर बघतोय. ४० फूट इशारा, ४५ धोका. मी थांबलो नाही, चेसिस टेम्पोत घालून कुपवाडला मित्राच्या गोडाऊनमध्ये नेली, उंचावर आहे ते. इंजिन अजून कोल्हापुरातून आणलंच नाही हे बरं. टब शेडमध्येच घोड्यांवर चढवून वर टांगला. एकदा बुडालेली गाडी दुसऱ्यांदा बुडू द्यायची नाही.

२२ सप्टेंबर २०२४

सगळं परत शेडमध्ये. पुढे डिस्क ब्रेक लावले. ड्रमची प्लेट बोल्टनं सुटते, तिथे स्पिटफायरचे कंस, हब, डिस्क, कॅलिपर बोल्टनंच बसतात, कुठे कापाकापी नाही. मास्टर सिलिंडरही डिस्कच्याच गाडीचा घेतला, ड्रमचा ठेवून काम भागवायचं नाही. लाइन सगळ्या कुनिफरच्या, म्हणजे तांबं-निकेलच्या, गंजत नाहीत आणि हातानं वळतात. ड्रम, शूज, सिलिंडर ग्रीस लावून खोक्यात, खोकं माळ्यावर सोलेक्सच्या शेजारी.

भाच्याला अलॉय हवे होते. याची पीसीडी (चाकाच्या बोल्टच्या वर्तुळाचा व्यास) पावणेचार इंच आहे, ९५.२५ एमएम, बाजारातले चार बोल्टचे अलॉय १०० एमएमचे. अॅडाप्टर लावून बसवणारे आहेत. मला चाकाच्या बाबतीत अॅडाप्टर हा शब्दसुद्धा नको. मूळच्या १३ इंची लोखंडी रिम ब्लास्ट करून पावडर कोटिंग केल्या आणि १४५/८० आर १३ टायर चढवले, छोट्या गाड्यांचा साइझ आहे, सहज मिळतो.

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा

पाने, हातोड्या, वेल्डिंगचा चष्मा, सगळ्यांची पूजा, आणि चेसिसवर बसलेल्या इंजिनाला झेंडूचा हार. बायकोनं दोन्ही एसयूंना वेगवेगळी हळदकुंकवाची बोटं लावली. वायरिंग चालू आहे. गाडी मूळची पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं), ती निगेटिव्ह केली म्हणजे अल्टरनेटर आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावता येतं. वायरचे रंग मात्र मूळ लुकासच्या पद्धतीचेच ठेवले, तपकिरी बॅटरीची, पांढरी इग्निशनची, हिरवी फ्यूजनंतरची, काळी अर्थ. पुढे कुणीही वायरमन उघडेल तेव्हा त्याला जुना नकाशा कामाला यावा. सहा फ्यूजचा नवा बॉक्स बसवला.

२४ नोव्हेंबर २०२४

छतावरून घरात भांडण झालं, खरंखुरं. छत बोल्टनं निघतं आणि ट्रायम्फनं हेराल्डची उघडी गाडीही विकली होती, म्हणजे छत न चढवता तशीच ठेवली तर सांगलीत एकमेव उघडी हेराल्ड, आणि माझ्या नियमातही बसतं, पान्यानं परत लागतं. आवारातून तशीच एक चक्कर मारली, भाचा मागे उभा राहून ओरडत होता, शेजारचे सगळे गॅलरीत. खूप सुंदर दिसते. मनापासून वाटलं की अशीच ठेवावी.

पण नाही ठेवली. कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवर जे लिहिलंय ते कंपनीनं दिलेल्याशी जुळलं पाहिजे, आणि आरसीवर बॉडीचा प्रकार असतो. ब्रेक आरसीवर नसतो, कार्ब्युरेटर नसतो, बॉडी असते, रंग असतो, इंजिन नंबर असतो. दुसरं म्हणजे छत गेल्यावर बल्कहेड आणि टबमधला जोड सगळा ताण घेतो आणि ज्या जोडाला मी नुकताच नवा पत्रा लावलाय त्याची परीक्षा मला लगेच घ्यायची नाही. छत चढलं. भाचा बोलत नाहीये.

रंग आरसीवर आहे तोच, फिका हिरवा. लांबी (पुटी) कमीत कमी, डेंटरनं पत्रा हातोडीनं आणला आणि वर फक्त पातळ हात. पंधरा दिवस घासकागद.

१२ जानेवारी २०२५

इंजिन चालू! अर्धी गल्ली शेडच्या दारात.

आज फक्त एसयूंचं लिहितो. आधी दोघांच्या डॅशपॉटमध्ये (कार्ब्युरेटरच्या वरच्या नळकांड्यात) पातळ तेल. मग दोन्ही थ्रॉटलची जोडदांडी सैल करून रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं एकेका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, आणि फुसफुस सारखी होईपर्यंत स्क्रू फिरवायचा. त्यानंतर मिश्रण. कार्ब्युरेटरचा पिस्टन खालून किंचित उचलायचा, एक एमएमच्या आत. इंजिनाचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त, पडला तर कमी, जरासा वाढून परत जागेवर आला तर बरोबर. हे काम मशीनवरही होतं पण कानानं करताना इंजिन काय सांगतंय ते कळतं, आणि एकदा दोन्ही एकसुरात आले की मिरजेच्या तंबोऱ्याच्या जोडीसारखं घुमतं. मी कितीतरी वेळ नुसता उभा होतो.

गरम झाल्यावर पेट्रोल कार्ब्युरेटरमध्येच उकळायला लागलं, एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड त्याच्या अगदी खाली आहे ना. अॅल्युमिनियमच्या पत्र्याची ढाल कापून मध्ये बसवली.

९ फेब्रुवारी २०२५

नोंदणीचा निर्णय. २०२१ पासून व्हिंटेज गाड्यांचा वेगळा नियम आहे, ५० वर्षांवरची, मूळ स्वरूपातली, चेसिस-बॉडी-इंजिनात मोठा बदल नसलेली गाडी, व्हीए अक्षरांची पाटी, १० वर्षं मुदत, नव्या नोंदणीला २० हजार. मान मोठा आहे. पण त्या पाटीवर गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. मी ही गाडी चालवायला बनवली आहे, भाजी आणायला, भिलवडीला पाहुण्यांकडे जायला. म्हणून साधी नोंदणी, पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण आणि फिटनेस. आरटीओतल्या साहेबांनी बॉनेट उघडायला सांगितलं, चेसिस नंबर घासून पेन्सिलनं उतरवून घेतला, डिस्क ब्रेक बघितले आणि ब्रेक टेस्टला चालवायला लावली. सरळ थांबली, चारही चाकांवर. पास.

२ मार्च २०२५

सांगली, तासगाव, औदुंबर आणि परत, पहाटे निघून. चौथ्या गिअरला ८० ला इतकी निवांत चालते की रेडिओची आठवण होत नाही, द्राक्षांच्या बागांमधून एक्झॉस्टचा आवाज परत येतो. पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, थांबूनच टाकायचा, एकदा कळलं की हात ऐकतो. वळायला २५ फुटांचा व्यास, औदुंबरला गर्दीत जिथे सगळे मागेपुढे करत होते तिथे ही एका झटक्यात फिरली आणि एक रिक्षावाला खाली उतरून चाकं बघायला आला.

येताना मुद्दाम दंडोबाकडे वळवून चढाची वळणं घेतली. वळणात शिरायच्या आधी वेग कमी, मग शेवटपर्यंत अॅक्सिलरेटर हलका पण चालू, मधे सोडायचा नाही. मागचं एकदाही मुडपल्यासारखं वाटलं नाही. पाटेवाल्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "मग! म्हणलं नव्हतं काय मी?" म्हणाला नव्हता, पण असू दे.

राहिलेली कामं : डाव्या दाराची फट वरच्या बाजूला तीन एमएम जास्त आहे, बिजागरीखाली पत्र्या टाकून आणायची. वायपर मोटर हळू, उघडून गाळ बघायचा. डिफच्या पुढच्या सीलला घाम येतोय. पाचशे किलोमीटर झाले की हेड परत टाइट आणि व्हॉल्व क्लिअरन्स, थंड इंजिनावर दहा थाउ. आणि पावसाळ्याआधी ट्रनियनला तेल, ९० नंबर, तेलाची गन वेगळी ठेवलीये आणि तिच्यावर लाल रंगानं लिहिलंय, ग्रीस भरू नये.